धुरात घालायची टोपी

आता काय सांगू तुम्हाला, ज्याला कारखाना इतरांचा जीव सांभाळायचा पगार देत होता, त्याचाच जीव शेजारच्या कांताबेननी ओल्या टॉवेलने वाचवला. तो शहाणा म्हणजे मीच!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बडोद्याजवळ, सावली रस्त्यावरच्या एका रसायन कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर. आगीत डोक्यावरून ओढून घ्यायचे हूड तेव्हा नवे आले होते. पारदर्शक पिशवी, नाकासमोर फिल्टर. खोक्यावर छापलेलं, ‘कुठल्याही धुरात पंधरा मिनिटं सुरक्षित!’ मी कारखान्यासाठी चाळीस मागवले आणि एक घरी आणला. बडोद्यात, गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीत मिरवायला नको?

रविवारी सकाळी प्रात्यक्षिक! माझ्याच सांगण्यावरून कांताबेननी आमच्या गॅसवर, तापल्या तव्यात मूठभर लाल मिरच्या टाकल्या आणि पळाल्या. मी हूड चढवून स्वयंपाकघरात. दाराला बाहेरून कडी. सगळी सोसायटी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी. मी बजावलंच होतं, "पंधरा मिनिटं कोणी दार उघडायचं नाही! मी हात हलवला की समजा, मजेत आहे."

दुसऱ्याच मिनिटाला धूर पिशवीत! डोळे उघडेनात, गॅसचं बटण सापडेना. मी जिवाच्या आकांताने हात हलवले. बाहेर टाळ्या! उड्या मारल्या. शिट्ट्या! ओरडलो, तर पिशवीतून आवाज बाहेर जाईना.

तेवढ्यात माझी बायको, सुनंदा, किंचाळली, "अहो कांताबेन, दार उघडा! वीस वर्षं गरब्यात ओढतेय, हे एक फेरा मारत नाहीत. हे नाचतायत म्हणजे मरतायत!"

कांताबेन तोंडाला ओला टॉवेल गुंडाळून आत घुसल्या आणि मला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. हूड ओढून काढला, उलटसुलट पाहिला. "भाई, आ तो प्लास्टिकनी थेली छे!"

खरं सांगतो, त्या दोघींचे उपकार फिटायचे नाहीत. माझं सोडा हो. उद्या खऱ्या आगीत चाळीस माणसांनी माझ्या भरवशावर तेच हूड डोक्यात घातले असते तर! तेव्हापासून दर नवरात्रीत सुनंदासाठी एक फेरा न चुकता मारतो.

सोमवारी हूडवाल्या कंपनीला जाब विचारायला तणतणत फाइल उघडली. वरच त्यांचं पत्र! ‘सुरक्षिततेचा दावा चुकीचा आहे. हूड कोणीही वापरू नयेत, ताबडतोब परत पाठवावेत.’ येऊन तीन आठवडे झालेले! माझं डोकंच फिरलं. एवढं पत्र दाबून ठेवणारा गाढव कोण?

खाली शेरा होता: ‘वाचले. समजले. फाइल करावे.’

सही माझी.