उतारावर सुटलेला गिअर
गिअर ऑइलचा जळकट वास आला की मला नर्मदेकडे उतरणारा तो रस्ता आठवतो. यांनी आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं होतं. ते पेलेल असा दणकट गिअरबॉक्स रिछाईच्या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजात मिळत होता, पण तो बसवायला गाडीचा तळ कापावा लागणार होता. लाडक्या गाडीला कटर लावायला यांचं मन होईना, म्हणून जुनाच गिअरबॉक्स ठेवला. भर दुपारी त्या उतारावर पायाखालून कडाड् असा आवाज आला, गिअरचा दांडा यांच्या हातात सैल फिरू लागला आणि गाडी मोकळी सुटली. समोर वळण होतं, वळणापलीकडे खोल दरी. "अहो, ब्रेक काहून नाही लावत?" मी ओरडले. "लावूनच राहिलो ना!" त्यांचा आवाज चिरकला. ब्रेक तापून नरम पडले होते. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, त्यांनी स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गाडी खडीच्या ढिगात घुसून थांबली. गाडीखालून जळक्या गिअर ऑइलचा वास येत होता. ते म्हणाले, "चलो, उद्या तळ कापून टाकू." दणकट गिअरबॉक्स बसला, गाडी आता लोण्यासारखी चालते, असं हे म्हणतात. मी अजून तिच्यात पाऊल ठेवलेलं नाही.