पर्सिमनची आढी

शेजारच्या काकूंनी दिलेली पर्सिमनची टणक, केशरी फळं डब्यात भरताना शिआन या चिनी शहराच्या जुन्या तटावरची दुपार आठवली. ऑफिसच्या ट्रिपवर होतो. सकाळीच बायको परदेशातल्या आमच्या घरून फोनवर रडवेली झाली होती, "माझं वर्क परमिट काही येत नाही. कंटाळले रे, परत जाऊ या पुण्याला." खालच्या गल्लीतून भाजलेल्या जिऱ्याचा वास येत होता. तट दाखवणाऱ्या चिनी सहकाऱ्याने हातावर पर्सिमन ठेवलं. मी तसाच चावा घेतला आणि तोंड तुरट होऊन आखडलं. तो हसत सुटला, "आधी सफरचंदाबरोबर डब्यात ठेव!" अरे, ही तर आढी! हापूस पिकेपर्यंत रोज पेंढा हुंगणारे आम्ही, आणि इथे धीर सुटला? तिथूनच बायकोला फोन लावला, "थोडं थांबू या का?" आत्ता ती ऑफिसातून आली, बॅगही न ठेवता डब्यात नाक घातलं आणि म्हणाली, "अजून दोन दिवस."