कुंडलिक विचारायचा

कुंडलिक शालूचा पाठचा भाऊ. जन्मापासून हळू. बोलणं जड, उजवा पाय ओढत चालायचा, लिहायवाचायला काय येत नव्हतं. पण आमच्या मोहने गावात त्याला कोणी वेडा बोलायचं नाय. सकाळी निघायचा, जिथं भूक लागेल त्या घरी जेवायचा, दिवेलागणीला घरी. आई, हौसाबाई, मरताना शालूला बोललेली, "याला परक्यांत टाकू नको."

शालू नवरा गेल्यावर पोराला, देवेशला, घेऊन माहेरीच राहिलेली. दोघांच्या नावावरची जागा बिल्डरला दिली तेव्हा कुंडलिकला नवीन शर्ट घालून, रिक्षात बसवून नेला आणि कागदावर त्याचा अंगठा घेतला. त्या दिवशी तो सगळ्यांना शहाणा वाटला. मग फ्लॅट मिळाला, देवेशला डोंबिवलीची स्थळं यायला लागली, आणि शालूला भाऊ नडायला लागला. पाहुण्यांच्या मधेच येऊन बसायचा, लाळ गळायची. तिने त्याला बदलापूरच्या पुढं एका आश्रमात नेऊन ठेवला. घरी सांभाळणारं कोणी नाय, असं लिहून दिलं. गावात सांगितलं, मामाकडे गेलाय.

लग्नाच्या पत्रिकेत आमच्यात सगळ्यांची नावं टाकतात. देवेशच्या पत्रिकेत मेलेल्या आजोबाचं होतं, महिन्याच्या पोरीचं पण होतं. कुंडलिकचं नव्हतं. कोणी विचारलं तर "छापायचं राहिलं" बोलायचं, हे शालूने ठरवून ठेवलेलं. कोणी विचारलंच नाय.

सहा वर्षं अशीच गेली. मग एक दिवस उत्तरा मॅडम घरी आल्या. अपंगांच्या संस्थेत काम करायच्या, आश्रमात कुंडलिकला भेटलेल्या.

"शालूताई, त्यांना घरी आणा. घरी नीट राहतील ते. आम्ही येत जाऊ मदतीला."

"त्याला काय समजतं मॅडम?"

"जमिनीच्या कागदावर त्यांचा अंगठा चालला ना? मग कुठे राहायचंय, एवढं का नाही विचारलंत?"

शालूला झालं, धरणी फाटावी आणि पोटात घ्यावं. पुढच्याच आठवड्यात जाऊन त्याला घेऊन आली.

पहिल्या दिवशी तिने भात आणि सुकटीचं कालवण वाढलं. हा ताट धरून दाराजवळ उभाच.

"बस ना रं."

"बाय, बसू?"

बसला. "बाय, खाऊ?" मग "पानी पिऊ?" मग संडासच्या दाराशी जाऊन उभा, "जाऊ?" दिवसभर तेच. देवेश हसत बोलला, "मामा, आता श्वास घ्यायला पण विचार."

कुंडलिकने शालूकडे बघितलं. "घेऊ?"



शालू रोज समजवायची, "आपलंच घर हाय, विचारू नको." उत्तरा मॅडम बोलल्या, "वेळ लागेल. एक दिवस न विचारता बाहेर पडतील. त्या दिवशी मला पहिला फोन करा."

तीन महिने झाले असतील. दुपारी शालूचा डोळा लागलेला. उठून बघते तर दार उघडं, कॉट रिकामी. बिनचपलेची धावली. नाक्यावर नाय, नदीवर नाय. गावातल्या काळुरामच्या दारात हळदीचा मांडव घालत होते, तिथं हा घामाघूम होऊन खुर्च्या लावत होता.

काळुराम बोंबलत होता, "कुंडल्या, सरळ लाव रं! तूच नवरदेव असल्यासारखा मधीच काय बसतोस?"

आणि कुंडलिक खदाखदा हसत होता. इतक्या वर्षांत शालूने ते हसणं ऐकलं नव्हतं.

तिला पण हसायचंच होतं. पण धावून जीव वर आलेला, चार बायका बघत होत्या. तोंडातून निघून गेलं, "न विचारता आलास कसा? परत आश्रमात टाकून येऊ काय?"

कुंडलिक मामाकडे नाय, आश्रमात होता, ते गावाला शालूच्याच तोंडून कळलं.

कुंडलिकच्या हातात खुर्ची तशीच. "बाय, ठेवू?"

घरी येऊन शालू त्याच्या पाया पडली. तो घाबरून मागे सरकला. मग तिने दार उघडं टाकून बघितलं, काळुरामला सांगून त्याला मांडवात बोलवायला लावलं. उत्तरा मॅडमना फोन करायचं तोंड नव्हतं, तरी केला. त्या येऊन बसायच्या, गप्पा मारायच्या. पण तो न विचारता परत उंबऱ्याबाहेर गेला नाय.

गेल्या महिन्यात छातीत कफ भरला. हॉस्पिटलमधून घरी आणलेला, बरा वाटत होता. सकाळी शालू पेज भरवत होती. दोन घास घेतले आणि बोलला, "बाय, निजू?"

"नीज," ती बोलली. तो परत उठला नाय.

लोकं भेटायला येतात. बोलतात, "शेवटी घरी आणलास, बरं केलंस शालू." मांडवात ती काय बोललेली ते त्यांनी सगळ्यांनी ऐकलंय, तरी असं बोलतात. शालू खाली बघते. "बसा" पण बोलत नाय त्यांना.