आखणी करणाऱ्यांची मान

पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तींच्या कारखान्यात मी गणपतीचे डोळे रंगवते. आम्ही त्याला आखणी म्हणतो. तीन महिने मान दुखत होती, म्हणून आज सकाळी पेणला कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने मणके जागेवर बसवणाऱ्यांकडे गेले.

त्यांनी एक्स-रे पाहिला, हाताला मुंग्या येतात का विचारलं आणि मगच मानेला हात लावला. एक झटका दिला, कट्‌ असा आवाज झाला. मान वळायला लागली.

मग म्हणाले, "कामाला कशा बसता ते दाखवा." मी फरशीवर मांडी घालून वाकले.

"उद्या परत आखडेल. मूर्ती डोळ्यांसमोर येईल इतकी उंच ठेवा."

परत येऊन मी रंगाचे दोन रिकामे डबे उपडे घातले, वर फळी टाकली आणि तिच्यावर मूर्ती ठेवली. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी काकी वीस वर्षं कमरेला पट्टा बांधून आखणी करते. ती म्हणाली, "देवापुढं वाकायला लाज वाटते काय गो?"

मी काम करत राहिले.

संध्याकाळी निघताना तीच म्हणाली, "उद्या माझ्यासाठी पण दोन डबे ठेव."

मूर्ती जमिनीवरच ठेवायची, हे आम्हाला कुणी सांगितलं होतं? दोघींनाही आठवलं नाही. तुमच्या कामात असं काय आहे?