डावा गुडघा

सकाळी दादरला माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक असायचं आणि संध्याकाळी लोअर परळच्या एका फुटबॉल क्लबचं काम. माहीमचा एक स्ट्रायकर क्लिनिकमध्ये यायचा. खेळायचा दुसऱ्या क्लबकडून, पण त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मुंबईत फुटबॉलवाले सगळे एकमेकांना ओळखतात.

एकदा प्रॅक्टिसनंतर चहा पिताना आमच्या कोचनी विचारलं, "तो माहीमचा स्ट्रायकर तुमच्याकडे येतो ना? कसा आहे आता?"

"डावा गुडघा अजून कच्चा आहे," मी म्हटलं. पेशंटबद्दल असं बोलू नये, हे मला कळत होतं. ओघात बोलून गेले.

पुढच्या आठवड्यात त्याच्या क्लबशीच मॅच होती. ड्रेसिंग रूममध्ये मी आमच्या डिफेंडरच्या घोट्याला टेप लावत होते. कोच त्याच्याजवळ येऊन म्हणाले, "डावा गुडघा. स्ट्रेचरवर गेला की पंचवीस हजार तुझे."

दोघंतिघं हसले. डिफेंडर हसला नाही. मी टेप पूर्ण केली.

विसाव्या मिनिटाला, बॉल पुढे निघून गेल्यावर डिफेंडरने पाय घातला. स्ट्रायकरची किंकाळी मला बेंचवर ऐकू आली. लिगामेंट तुटलं होतं.

ऑपरेशन होऊन तो घरी आल्यावर मी माहीमला गेले. पाय उशीवर ठेवून तो पडला होता. मी काय बोलले, काय ऐकलं, सगळं सांगितलं. पायाखालची उशी नीट करत त्याने विचारलं,

"आमच्या क्लबने लीगकडे तक्रार केलीये. तिथे सांगाल हे?"

"सांगेन."

"आणि माझी फाइल द्या, मॅडम. मी दुसरीकडे दाखवतो."

चौकशीत आमच्या पोरांनी एकच सांगितलं, सर मस्करी करत होते. डिफेंडर म्हणाला, टायमिंग चुकलं. मी ऐकलेलं सांगितलं. गुडघ्याचं माझ्याकडूनच कळलं, तेही. बाहेर आल्यावर कोच म्हणाले, "घरातली गोष्ट बाहेर नेलीत, मॅडम."

पैसे दिल्याचा पुरावा मिळाला नाही. आरोप सिद्ध झाला नाही. सीझन संपल्यावर क्लबने मला पुन्हा बोलावलं नाही.

वर्षभराने एका मॅचला मी त्या स्ट्रायकरला परत खेळताना पाहिलं. डावीकडे वळायची वेळ आली की बॉल पास करून टाकत होता. हाफ टाइमला त्याने मला पाहिलं, मान हलवली आणि पाण्याची बाटली घ्यायला गेला.