गाडीचं तोंड

लालबागच्या चाळीत लवू घाडीला 'शूर सरदार' म्हणतात, यावरूनच तो काय माणूस आहे ते ओळखावं. पालीला तो भितो, ट्रॅफिक हवालदाराला भितो, अनोळखी नंबरावरून फोन आला की तो बायकोच्या, मालनच्या, हातात देतो. स्टिअरिंग हातात आलं की तेवढा माणसात येतो. तो ज्यांची गाडी चालवतो त्या दादरच्या निवृत्त मुख्याध्यापिका सुमेधाबाई त्याच्या मागे बसून निर्धास्त डोळे मिटतात, ही त्याच्या आयुष्यातली एकमेव पदवी. बाईंच्या मुलाचं, पुण्याच्या पुष्करचं, टुमणं कायमच: "आई, विकून टाक ती गाडी, ॲपवरून टॅक्सी बोलाव." बाई म्हणतात, "लवू आहे तोवर नाही." म्हणजे लवूच्या हातून एक मोठी चूक झाली की गाडी गेली, आणि लवूही गेला.

ती चूक झाली तीर्थामुळे. कुणीतरी गाडीला ओरखडा काढला होता. ते ऐकून लवूच्या आईने गावाहून रवळनाथाचं तीर्थ बाटलीत भरून धाडलं आणि फोनवर बजावलं, "गाडयेच्या तोंडात घाल, इसरा नको."

आता माणसाचं तोंड समजतं. गाडीचं कुठलं? बॉनेट म्हणावं तर ते कपाळ. पुढची जाळी म्हणजे दात. लवूने बराच विचार केला आणि त्याला उत्तर सापडलं: जिथून खाते ते तोंड! नेहमीच्या पंपावर टाकी फुल केली, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून पळीभर तीर्थ आत सोडून त्याने झाकण लावलं. वर नमस्कारही केला.

मग बाईंना घेऊन तो गिरगावात त्यांच्या बहिणीकडे निघाला. परळ मागे पडलं, गाडी लालबागच्या पुलावर चढली आणि गचके खायला लागली.

"लवू, गाडीला उचकी लागली की काय रे? कोण आठवण काढतंय तिची?"

लवू हसला नाही. त्याला एकदम ती पळी आठवली होती. पेट्रोलात पाणी! ही अक्कल पंपावर का नाही आली?

पुलाच्या माथ्यावर इंजिनाने शेवटचा आचका दिला. मागून बसचा हॉर्न असा आला की तो कानातून न शिरता मानेतून शिरला. पुलावर थांबायला जागा नाही, पुढे उतार. इंजिन मेलं की स्टिअरिंग दगड होतं आणि ब्रेक लाकूड. किल्ली काढावी तर स्टिअरिंगलाच कुलूप. डाव्या अंगाला पाण्याचा टँकर चिकटून चाललेला, उजवीकडे कठडा. गाडी आपल्या मर्जीने भायखळ्याकडे सुटली.

"लवू, थांबव!"

"थांबत नाय, बाई!"

दोन्ही पायांनी ब्रेक दाबत असताना लवूच्या तोंडून जे बाहेर पडलं ते त्याचा आजा जत्रेत घालायचा ते गाऱ्हाणं. "बा देवा रवळनाथा! लेकराकडसून काय चुकला माकला असात तर तां पदरात घी, आनि मागे बसलेल्या बाईंका सुखरूप खाली पोचव रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागून होकार लागतो. गावात तो सगळा गाव देतो. इथे मागे एकट्या बाई, ज्यांनी जन्मभर मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेतलेले. त्या सीट गच्च धरून किंचाळल्या, "व्हय म्हाराजा!"

टँकर पुढे निघून गेला. गाडी उतारावरून खाली आली आणि कडेला घासत थांबली. लवूने मदतीसाठी फोन लावला.

लालबागचा मेकॅनिक आनंदा स्कूटरवरून आला. टाकीतलं थोडं पेट्रोल त्याने बाटलीत काढून उन्हात धरलं. वर पिवळसर पेट्रोल, आणि खाली, निम्म्या बाटलीपर्यंत, स्वच्छ पाणी.

लवूच्या तोंडचं पाणी पळालं ते बहुतेक तिथेच जमलं असावं.

"मीच घातलं," तो म्हणाला. फुटपाथवर बसकण मारली. आणि बाईंना सगळं सांगितलं: आई, तोंड, पंप, पळी. "चावी घ्या बाई. पुष्करदादांना सांगा."

आनंदा बाटलीकडे बघत राहिला. मग खो खो हसत सुटला. "अरे सरदारा, पळीभर घातलंस की विहीर उपसून? सकाळपासून ही तिसरी गाडी आहे माझ्याकडे. तिघांनी त्याच पंपावर भरलंय. पंपवाले म्हणतात आमचा माल चोख. तपासणीत काय ते कळेल. पण हे तुझ्या पळीचं काम नाय."

बाई हसल्या नाहीत. त्यांचा रुमाल अजून मुठीत चुरगळलेला होता. "पुढच्या वेळी बॉनेटवर शिंपड," एवढंच म्हणाल्या. "आणि आईला विचारून घे, तोंड म्हणजे नेमकं कुठलं."

टाकी रिकामी करून, दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल घालून आनंदाने गाडी तयार केली. लवू बसला. किल्लीवर हात गेला आणि तिथेच गोठला. समोर रस्ता सरळ होता, सपाट होता. तरी पाय ब्रेकवरून उठेना. बाईंनी उतरून टॅक्सी केली असती तर त्याला त्या क्षणी बरंच वाटलं असतं.

मागे बाईंनी दार आतून ओढून घेतलं. सीट पुन्हा गच्च धरली.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या.

लवूने किल्ली फिरवली.