मामांनी चोळलेला गुडघा
मोहाचं तेल तापल्याचा वास आला की मला आमगावचं आमचं अंगण आठवतं. धाकट्या भावाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा आजार होता. गुडघ्यात रक्त साचून पाय आखडलेला. गोंदियाच्या फिजिओथेरपिस्ट बाईंशी हुज्जत घालून मी रविवारचीही वेळ मिळवली होती. व्यायामानं तो भिंत धरून उभा राहू लागला होता. एका संध्याकाळी धानाचा सौदा आटोपून परतलो, तर मामा त्याचा गुडघा तेलानं रगडत होते. मी ओरडलो, तसे मामा म्हणाले, "काऊन बोंबलून राहिला बे? त्या पोरीच्या कवायतीनं पाय सुधरते का?" रात्रीत गुडघ्यात पुन्हा रक्त साचलं. सूज उतरल्यावर बाई म्हणाल्या, आता हा पाय सरळ होणार नाही. मामांशी मी अजून बोलत नाही. भाऊ मात्र लंगडत त्यांच्याकडे जातो आणि मलाच म्हणतो, "दादा, ते तं मायेनंच चोळत होते."